सह्याद्रीचं वय कसं कळलं?



पत्रिकेवर आजचा विषय 'भूवैज्ञानिकांची विचारपद्धती' असा छापला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात मांडायचा तर एकच उदाहरण घट्ट धरून ठेवावं लागतं. मी ते आपल्या उशाशी असलेलं घेतो. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचा काळा दगड केव्हा तयार झाला? शाळकरी मूलही सांगेल, दख्खनच्या पठाराचा बसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. उत्तर बरोबर आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे कळलं कसं? तो लाव्हा वाहताना पाहायला कुणी नव्हतं. माणूस नावाचा प्राणीच नव्हता. मग एवढ्या ठामपणे आकडा सांगण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर परीक्षानळी धुऊन तो पुन्हा करता येतो. भूवैज्ञानिकाच्या वाट्याला आलेला प्रयोग एकदाच झालेला असतो, तोही त्याच्या जन्माच्या कोट्यवधी वर्षं आधी. त्याच्या खुणा काही पावसानं धुऊन नेलेल्या, काही जमिनीखाली गाडल्या गेलेल्या. अशा वेळी तो काय करतो? तो एकाच प्रश्नाचं उत्तर अशा वेगवेगळ्या वाटांनी शोधतो, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एका वाटेवर होणारी चूक दुसऱ्या वाटेवर होऊच शकत नाही, अशा वाटा तो मुद्दाम निवडतो. त्या सगळ्या एका ठिकाणी येऊन मिळाल्या तर तो आकडा सांगतो. नाही मिळाल्या तर थांबतो, आणि मिळत नाहीत हेही छापून जाहीर करतो. माझ्या दृष्टीनं या शास्त्राचं बळ इथे आहे, आणि आज मला तेवढंच सांगायचं आहे.

सुरुवात नुसत्या बघण्यापासून करू. वाईहून पसरणीचा घाट चढताना समोरचे डोंगर पाहा. एक उभा कडा, मग झाडी उगवलेला उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. मैलोन्‌मैल हीच रचना, आणि सगळी जवळजवळ आडवी. असं का? आपल्याकडे विहिरी खोदणाऱ्यांना याचं उत्तर भूवैज्ञानिकांच्या आधीपासून ठाऊक आहे. कातळ लागला की सुरुंग लावावा लागतो, मांजऱ्या लागला की पहार चालते. मांजऱ्या म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा मऊ दगड. तो भोकांचा का असतो? लाव्हा वाहत असताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर येतो आणि थराच्या वरच्या भागात अडकून राहतो. मागाहून त्या भोकांत पाण्याबरोबर आलेली खनिजं साठतात, तेच ते पांढरे ठिपके. मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून घट्ट आणि कणखर. म्हणजे खाली कातळ आणि वर मांजऱ्या, एवढं दिसलं की एक लाव्हाप्रवाह संपला असं धरायचं. त्यावर पुन्हा कातळ लागला तर तो पुढचा प्रवाह. दोहोंच्या मध्ये कधी कधी वीटभर जाडीचा, कधी त्याहून जाड तांबडा थर दिसतो. हा तांबडा थर लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आता एक साधा नियम. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. डेन्मार्कच्या निकोलस स्टेनोनं तो १६६९ मध्ये लिहून ठेवला. इतकं उघड आहे, त्यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण प्रत्येक नियमाबरोबर त्याची अटही येते. थर नंतर उलटेपालटे झालेले नसावेत. हिमालयात ही अट पदोपदी मोडते. सह्याद्रीत थर आडवे आहेत, म्हणून इथे नियम लागू पडतो. दुसरा नियम असा की जो दगड दुसऱ्या दगडाला छेदून जातो, तो नंतरचा. कोकणात आणि खानदेशात भिंतीसारखे उभे काळे पट्टे दिसतात. ज्या भेगांतून लाव्हा वर चढला त्या भेगा भरून थिजल्या, त्या या भिंती. त्या ज्या थरांना कापतात त्यांच्याहून धाकट्या, हे घड्याळाशिवाय सांगता येतं.

पण एवढ्यानं क्रम कळला. वर्षं कळली नाहीत. आणि क्रमाचीही एक अडचण आहे. हा बसाल्ट आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून कितीतरी मोठ्या प्रदेशावर. सगळा दिसायला काळाच. मग महाबळेश्वरचा प्रवाह कुठला आणि पन्हाळ्याचा कुठला, हे ओळखायचं कसं? १९८०च्या दशकात त्यासाठी दगडाचं रसायन हाताशी धरलं गेलं. वितळलेला दगड पृथ्वीच्या पोटातून वर येताना वाटेतल्या खडकांचा थोडाफार अंश उचलतो. कोणत्या खेपेच्या लाव्हानं किती आणि काय उचललं, ते त्याच्या अगदी अल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांवरून आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून कळतं. घाटाघाटांतून दगड गोळा करून त्यांची अशी ओळख पटवली गेली, आणि थरांच्या गटांना गावांची नावं मिळाली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. आपण ज्या घाटातून एसटीनं खाली उतरतो, त्या आंबेनळीचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत आहे. आंबेनळी गटाच्या लाव्हानं वाटेत फारसं काही उचललेलं नाही. तो खोलवरून जवळजवळ जसाच्या तसा वर आला. गंमत पुढेच आहे. आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला बसाल्टचे काही थर आहेत. मधे शेकडो किलोमीटर बसाल्टचा पत्ता नाही. त्यांचं रसायन तपासलं तर ते सह्याद्रीतल्या या वरच्या गटांशी जुळलं. इथून निघालेला लाव्हा हजार किलोमीटर वाहत पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला असावा, असा तर्क त्यावरून मांडला गेला.

आता वर्षांकडे वळू. पहिली वाट जीवाश्मांची. ती आपल्या विदर्भातूनच सुरू झाली. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात नागपूरला आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रसारासाठी आलेला हा माणूस टाकळीच्या परिसरात दगड फोडत हिंडायचा. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये दबलेल्या चिकणमातीच्या थरांत त्यांना शंखगोगलगाई, बिया, लाकडांचे तुकडे सापडले. या गोगलगाई कुठल्या? गोड्या पाण्यातल्या. एवढ्याशा शंखानं मोठा वाद मिटवला. हा लाव्हा समुद्राखाली वाहिला की जमिनीवर? दोन प्रवाहांच्या मध्ये गोड्या पाण्याची तळी साठली असतील, त्यात गोगलगाई पोसल्या असतील, काठी झाडं वाढली असतील, तर लाव्हा जमिनीवरच वाहिला आणि दोन उद्रेकांच्या मध्ये उसंतही मिळाली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळचं उत्खनन पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. आपल्या मातीचा इतिहास शोधताना गेलेल्या या माणसाचं नाव विदर्भाबाहेर फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या जीवाश्मांवरून वय कसं काढायचं? युरोपातल्या समुद्री खडकांवरून जीवांचं एक पंचांग तयार झालं होतं. कोणता जीव कोणत्या काळात होता, त्याचं. आपले जीवाश्म त्याच्याशी ताडून पाहायचे. आणि इथे तज्ज्ञांचं जुळेना. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानची झाडं, फळं, ताडवृक्षांचे अवशेष तपासले आणि १९३०च्या दशकात मत दिलं की हा लाव्हा डायनोसॉरांच्या युगानंतरचा आहे. उलट लाव्हाच्या तळाशी जबलपूर भागात, आणि चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला, डायनोसॉरांची हाडं मिळत होती. म्हणजे लाव्हा त्यांच्या युगाच्या अखेरीपर्यंत तरी मागे जातो. साहनींसारखा काटेकोर माणूस चुकला का? मला तसं म्हणावंसं वाटत नाही. तळ्यातल्या वनस्पतींवरून तारीख काढणं मुळात कठीण, कारण पंचांग समुद्रातल्या जीवांचं. आणि एक शक्यता तेव्हा नीट तपासलीच गेली नव्हती: दोन्ही बाजू बरोबर असतील तर? लाव्हा नेमका दोन युगांच्या सीमेवर वाहिला असेल तर?

ही शक्यता तपासायला दगडातलं घड्याळ हवं होतं. पोटॅशियमचा एक प्रकार किरणोत्सर्गी असतो. त्याचा काही भाग अतिशय संथ गतीनं आरगॉन वायूत बदलतो. अर्धा साठा संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. लाव्हा वितळलेला असताना वायू निसटून जातो. तो थिजला की आरगॉन आत साठू लागतो. म्हणजे दगड गोठला त्या क्षणी घड्याळ सुरू झालं. किती आरगॉन साठला ते मोजा, वय मिळेल. सोपं आहे? सोपं असतं तर ४०-५० वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाची वयं इतकी विस्कळीत आली नसती. काही नमुने सांगत होते चार कोटी, काही आठ कोटींच्याही पुढे. काहींनी यावरून लाव्हा कोट्यवधी वर्षं वाहत राहिला, असा अर्थ काढला.

खरा प्रश्न घड्याळाच्या विश्वासाचा होता. नळ किती वेळ चालू होता हे हंड्यात साठलेल्या पाण्यावरून सांगायचं, आणि हंडाच गळका असेल तर? आपल्या पावसात, उन्हात, मुरणाऱ्या पाण्यात बसाल्ट कुजतो आणि आरगॉन झिरपून जातो. मग हंडा गळका आहे की नाही, हे हंड्यालाच विचारायची सोय झाली. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यातल्या पोटॅशियमच्या काही भागाचं दुसऱ्या एका आरगॉनमध्ये रूपांतर करायचं. मग त्याला टप्प्याटप्प्यानं तापवत न्यायचं आणि प्रत्येक टप्प्याला बाहेर पडलेल्या वायूवरून वय काढायचं. दगडाच्या कडेला अडकलेला वायू आणि पोटात अडकलेला वायू एकच वय सांगत असतील तर नमुना विश्वासाचा. वेगवेगळी वयं निघाली तर तो गळका. म्हणजे मोजमापातच त्या मोजमापाची परीक्षा बसवलेली आहे. १९८८ मध्ये डंकन आणि पाइल यांनी या पद्धतीनं पश्चिम घाटातली वयं छापली. दोन किलोमीटरहून जाड थरांच्या तळाचं आणि माथ्याचं वय मोजमापाच्या मर्यादेत सारखंच निघालं. एवढा सगळा लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबानं झटक्यात आला होता, आणि तोही दोन युगांच्या सीमेपाशीच.

पण एका वाटेवर समाधान मानायचं नाही, हे आपलं ठरलं आहे. दुसरी वाट होकायंत्राची. लाव्हा थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून थिजतात. नमुना फोडण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि उतार नीट आखून घेतला, तर प्रयोगशाळेत दोन गोष्टी कळतात. पहिली, त्या वेळी चुंबकसुई जमिनीशी किती कललेली होती. विषुववृत्तावर ती आडवी असते, ध्रुवावर उभी. म्हणजे कल कळला की अक्षांश कळला. केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्व्हिंग यांनी १९५१ च्या सुमारास दख्खनचे दगड यासाठी मागवून मोजले. पुढे ब्लॅकेट यांच्या लंडनच्या गटानं आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती यांनी हे काम विस्तारानं केलं. उत्तर आलं की हा लाव्हा वाहिला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांवर होता. खंड सरकतात हे तेव्हा जगात बहुतेकांना मान्य नव्हतं. ते मान्य व्हायला जे पुरावे कारणी लागले, त्यांत आपल्या घाटांतले दगड आहेत.

दुसरी गोष्ट दिशेची. पुष्कळ दगडांत ती आजच्या नेमकी उलट निघाली. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात, असा त्याचा अर्थ. पण थांबा. दुसराही अर्थ निघू शकतो. त्या दगडातल्या खनिजांनीच स्वतःहून दिशा उलटी केली असेल तर? ही शंका हवेतली नव्हती. जपानात असा एक दगड खरोखर सापडला होता. मग तपासायचं कसं? लाव्हाखाली दबून भाजून निघालेल्या मातीकडे बघायचं. फ्रान्समध्ये बर्नार ब्रून यांनी १९०६ मध्येच हे करून दाखवलं होतं. लाव्हा आणि त्याखालची भाजलेली माती हे दोन वेगळे पदार्थ, त्यांतली खनिजं वेगळी. दोघांनीही सारखीच उलटी दिशा धरली असेल, तर दोष दगडाचा नाही. पृथ्वीचंच क्षेत्र तेव्हा उलटं होतं.

सह्याद्रीच्या थरांत ही दिशा कशी दिसते? खाली जाडच्या जाड थर उलट्या दिशेचे, आणि माथ्याकडे, महाबळेश्वरच्या गटात, ती सुलट होते. आता इटलीला जाऊ. गुब्बिओ गावाच्या घळीत समुद्रतळाशी साठलेल्या चुनखडीचे थर आहेत. वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांचे सहकारी तिथे चुंबकीय दिशांची नोंद करत होते. ज्या थराशी डायनोसॉरांचं युग संपतं तिथे एक बोटभर चिकणमाती आहे, आणि ती अशाच एका उलट्या दिशेच्या काळात पडते. हा उलटा काळ दहा लाख वर्षांहून कमी होता. किरणोत्सर्गी घड्याळाचा इथे काही संबंध नाही. तरी सह्याद्रीचा मोठा भाग त्याच अरुंद खिडकीत येऊन बसतो. १९८६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी हा मेळ ठळकपणे मांडला. ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही अशा दोन वाटा, असं मी सुरुवातीला म्हटलं ते हेच.

त्या बोटभर मातीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अल्वारेझ यांना साधा प्रश्न पडला होता. ही माती साचायला किती वर्षं लागली? त्यांचे वडील लुईस अल्वारेझ भौतिकशास्त्रज्ञ, नोबेल मिळालेले. त्यांनी सुचवलं की अवकाशातून पृथ्वीवर धुळीबरोबर इरिडियम नावाचा दुर्मीळ धातू अगदी बेतानं, सतत पडत असतो. मातीत तो किती आहे ते मोजा, वर्षांचा अंदाज येईल. म्हणजे इरिडियम त्यांना घड्याळ म्हणून हवं होतं. मोजलं तर ते आजूबाजूच्या थरांच्या सुमारे ३० पट निघालं. घड्याळ म्हणून ते निरुपयोगी ठरलं, आणि त्यातूनच १९८० मध्ये एका प्रचंड अशनीच्या आघाताची कल्पना पुढे आली. नंतर मेक्सिकोतलं चिक्शुलूब इथलं गाडलेलं विवर सापडलं. अपेक्षित आकडा मिळाला नाही तेव्हा अल्वारेझ पितापुत्रांनी मिळालेला आकडा टाकून दिला नाही. तो इतका मोठा का, हे विचारलं.

आणि मग वाद पेटला. डायनोसॉरांना अशनीनं मारलं की आपल्या लाव्हानं? हा वाद मिटवायला लाव्हाचं वय लाखाच्या नव्हे, हजारांच्या हिशेबात हवं होतं. त्यासाठी सर्वांत अचूक घड्याळ झिरकॉन या खनिजाचं. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो आणि शिसं बाहेर ठेवतो, म्हणून नंतर आत सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. पण बसाल्टात झिरकॉन जवळजवळ नसतोच. मग कुठे शोधायचा? तुमच्या लक्षात असलेल्या त्या तांबड्या थरांत. दोन प्रवाहांच्या मधल्या उसंतीत तिथे ज्वालामुखीची राख पडलेली असते, आणि राखेत झिरकॉन असतात. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन, आणि त्यांच्याबरोबर अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरी यांच्यासारखे आपले भूवैज्ञानिक, घाटरस्त्यांच्या कडेला ही तांबडी माती पोत्यांनी गोळा करत होते. २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की मुख्य उद्रेक अशनीच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाले आणि बहुतेक लाव्हा साडेसात लाख वर्षांत ओतला गेला. त्याच वर्षी बर्कलेच्या गटाचं आरगॉन घड्याळावरचं कामही आलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही गटांचे नवे निबंध छापून आले. शोन यांचा गट म्हणाला, लाव्हा चार लोटांत आला आणि त्यातला एक मोठा लोट अशनीच्या काही दशसहस्र वर्षं आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन आणि बर्कलेचा गट म्हणाला, लाव्हा कमीअधिक सलग वाहिला आणि त्याचा मोठा भाग अशनीनंतरचा आहे. सह्याद्री एकच, थर तेच, उत्तरं दोन. हे शास्त्राचं अपयश आहे का? मला तर हा त्यातला सर्वांत जिवंत भाग वाटतो. दोघांनाही एकमेकांची कच्ची बाजू ठाऊक आहे. झिरकॉन उद्रेकाच्या आधीच मॅग्मात घडलेला असू शकतो, मग त्याचं वय लाव्हाच्या वयाहून थोडं जास्त येणार. आरगॉनचं घड्याळ लाव्हाचंच वय सांगतं, पण त्याची अनिश्चितता मोठी. कोणत्या गटात लाव्हाचं आकारमान किती, हेही दोघांनाही अंदाजानंच धरावं लागतं. काय मोजलं तर भांडण मिटेल हे दोन्ही बाजूंना माहीत असणं, ही मोठी गोष्ट आहे. आणि एक विसरू नका, सहा कोटी साठ लाख हा आकडा दोघांनाही मान्य आहे. भांडण त्यातल्या हजारांच्या हिशेबाचं आहे.

असा न मिटलेला आणखी एक आकडा आहे, म्हणून लोणारबद्दल थोडक्यात बोलतो. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खड्डा याच बसाल्टात आहे. एकोणिसाव्या शतकापासून त्याला ज्वालामुखीचं मुख समजत. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हात एवढ्या ताज्या कडांचं मुख कसं? १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दगडांत असं खनिज दाखवलं, जे न वितळताच काचेत बदललं होतं. तेवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. अशनीचा आघात देऊ शकतो. प्रश्न मिटला. पण वयाचा मिटला नाही. एका पद्धतीनं वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये आघातात वितळलेल्या काचेवर आरगॉनची पद्धत वापरली तर ते आलं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून अधिक फरक. जुन्या पुस्तकांत पहिला आकडा आहे. शिकवताना दोन्ही आकडे सांगावेत, आणि ते कसे काढले तेही सांगावं, असं माझं मत आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण इथे प्रश्न कोट्यवधी वर्षांचा नाही, आपल्या घरांचा आहे. कोयनेच्या शिवसागरात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि लवकरच हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. या सभागृहात ती पहाट आठवणारे श्रोते असतील. धरणानं भूकंप केला का? हा प्रश्न नीट विचारायचा तर तो फोडावा लागतो. धरणाचं पाणी एवढी ऊर्जा निर्माण करू शकत नाही. ती ऊर्जा खडकात आधीच साठलेली असते. मग पाणी तिला चाळवू शकतं का? पावसाळ्यात पातळी चढते तेव्हा आणि पुढे ती उतरू लागते तेव्हा हादरे वाढतात का? अनेक वर्षांच्या नोंदींनी उत्तर दिलं, वाढतात. तरी योगायोग म्हणता येईल. प्रयोग पुन्हा कसा करणार? आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. जवळच वारणेचं धरण झालं. १९८५ पासून त्यात पाणी साठू लागलं, आणि पुढच्या काही वर्षांत हादरे दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकले. कुणी न योजलेला प्रयोग निसर्गानं दुसऱ्यांदा करून दाखवला.

किल्लारीत मात्र असं मोठं धरण नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, जमीन हलली आणि हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत सुरक्षित पट्ट्यात रंगवलेला होता. का? कारण वरचा बसाल्ट दिसत होता आणि त्याखालचं काहीच दिसत नव्हतं. नंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. बसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली, त्याखाली थोडा गाळ, आणि मग अब्जावधी वर्षं जुना पायाचा खडक. त्या खडकातल्या जुन्या भेगांचं काळ्या पांघरुणाखाली काय चाललं आहे, हे वर उभं राहून कळणार नाही. म्हणूनच कराडला भूभौतिकी संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली, कोयना-वारणा भागात दीड किलोमीटरची कित्येक छिद्रं घेतली गेली आणि एक तीन किलोमीटरचं. बसाल्ट त्यात सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटचा पाया, मधे गाळाचा थरही नाही. भेगेच्या जवळ जाऊन तिथलं तापमान, पाण्याचा दाब, खडकातला ताण मोजायचा. १९६७ ला आपण वरून अंदाज करत होतो. आता खाली उतरून विचारतो आहोत.

पण तीन किलोमीटरची छिद्रं किती घेणार? आणि बसाल्टची जाडी गावागावाला बदलते. इथे मला तुमच्याकडे काही मागायचं आहे. या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात किती बोअर पडतात याचा विचार करा. प्रत्येक बोअर हा फुकट पडलेला भूवैज्ञानिक पुरावा आहे, आणि त्याचा चुरा दुसऱ्या दिवशी वाटेवर पसरला जातो. बोअरचं मशीन आलं की दर दहा फुटांचा चुरा मूठभर वेगळ्या पिशवीत भरा. पिशवीवर खोली लिहा. कातळ कुठे लागला, मांजऱ्या कुठे, तांबडी माती कुठे आणि किती, पाणी कोणत्या खोलीला, हे वहीत टिपा. जागेचा गट नंबर आणि तारीख घाला. शाळेतली आठवी-नववीची मुलंही हे उत्तम करतील. तांबडी माती लागली तर ती जरा जास्त घ्या. शंभर-दोनशे गावांच्या अशा वह्या एकत्र आल्या तर थर कुठे खाली खचले आहेत, कुठे वर उचलले आहेत, हे दिसायला लागेल. आज ते कुणालाच नीट दिसत नाही. यंदा ज्यांच्याकडे बोअर किंवा विहिरीचं काम निघणार आहे, किंवा ज्यांनी आधीच अशी नोंद ठेवली आहे, त्यांनी व्याख्यान संपल्यावर डावीकडच्या टेबलापाशी या. वहीचा नमुना मी छापून आणला आहे.